लाकडी फर्निचर विकताना ऑर्डर फॉर्मवर काय काय लिहून घेता?

घनफूट

कारखान्याचं लाकडी फर्निचर विकणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. शोरूमवाले, साइटवर जाऊन मापं घेणारे, फोनवर ऑर्डर घेणारे, सगळ्यांनी भर घालावी. गिऱ्हाइकाशी वाजतं ते माल घरी पोचल्यावर, पण कारण शोधायला गेलं की ते बहुतेक वेळा ऑर्डर फॉर्मवरच्या एखाद्या अर्धवट ओळीत सापडतं.

नेहमी दिसणारी ओळ अशी: «सागवानी किंग बेड, पॉलिशसह, १ नग.» यातून कारखान्याला काहीच कळत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र मनात पूर्ण बेड बांधून मोकळं झालेलं असतं. तोच बेड नीट लिहायचा तर असा:

«बेड, गादी ७२ × ७८ इंच, आतलं माप ७२½ × ७८½. हेडबोर्ड जमिनीपासून ४२ इंच. पाय, साइडपट्ट्या आणि हेडबोर्डची चौकट सागवान, साइडपट्टीची तयार जाडी १¼ इंच. हेडबोर्डचं पॅनेल ९ मिमी प्लायवर साग व्हिनीयर. गादीखाली १२ मिमी प्लाय, आयएस ३०३ बीडब्ल्यूआर. स्टोरेज नाही. मेलामाइन मॅट, शेड सहीच्या तुकड्याप्रमाणे. साइडपट्ट्या बेडबोल्टने सुट्या होणार.» (व्हिनीयर म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आयएस ३०३ हे प्लायचं मानक, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यात तगणारा प्लाय, मेलामाइन हा पॉलिशचा प्रकार, सहीचा तुकडा म्हणजे गिऱ्हाइकाने रंग पसंत करून सही केलेला नमुना.)

गादीचं माप आधी विचारा. बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तिन्ही लांबीच्या गाद्या मिळतात. जुनी गादी वापरायची असेल तर टेप लावून मोजायला सांगा, लेबलवरचा आकडा घेऊ नका. गादी ७५ची आणि बेड ७८चा झाला की उशाशी तीन इंचांची फट राहते, उशी त्यात जाते आणि फोन येतो.

दुसरं, जाडी कायम «तयार» लिहायची. दीड इंचाची कच्ची फळी रंधा आणि सँडिंग होऊन सव्वा इंचावर येते. फॉर्मवर नुसतं «दीड इंच» असेल तर गिऱ्हाईक टेप घेऊनच उभं राहतं, आणि त्याचं चुकत नाही.

हायड्रॉलिक बेड असेल तर गादी कापसाची, कॉयरची की फोमची हेही लिहा. गॅस पंप त्या वजनावर ठरतो. हलक्या फोमवर जोरकस पंप लावला तर झाकण नीट बसत नाही, कॉयरच्या जड गादीवर हलका लावला तर ते उचलता उचलत नाही.

शोरूमवाली

छान धागा. यात लिफ्ट आणि जिन्याचं माप घालाच. फॉर्मवर «मजला: ५, लिफ्ट: आहे» एवढंच असतं, पण लिफ्ट आहे म्हणजे सोफा तिच्यात बसतो असं नाही.

लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी, आतली उंची आणि आतली खोली ही तीन मापं हवीत. तीन सीटचा सोफा ७८ ते ८४ इंच लांब असतो, तो लिफ्टमध्ये उभाच करावा लागतो. लिफ्टची आतली उंची सोफ्याच्या लांबीहून कमी असेल तर जिना आला. जिन्यात अडचण वळणावर होते, त्यामुळे मधल्या चौकाची लांबी-रुंदी मोजायची आणि कठडा किती आत येतो ते पाहायचं.

घराच्या दाराची चौकट ३० इंच असली तरी पल्ला उघडल्यावर मोकळी जागा साधारण २८च उरते. सोफा आडवा करून नेताना त्याची खोली आणि उंची यांतलं जे लहान असेल ते या २८त बसायला हवं. ३३ इंच उंच सोफ्याचे ५ इंची पाय निघणारे असले की उरतात २८, म्हणजे घासून. अशा वेळी पाठ सुटी करून द्यावी लागते आणि ते कारखान्याला आधीच कळायला हवं.

उभ्या कपाटाची गंमत वेगळीच. खोलीची उंची ९२ इंच आहे म्हणून ९० इंचांचं कपाट घेतलं जातं. आडवं आत आणलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो: ९० उंच आणि २४ खोल म्हणजे कर्ण ९३ इंचांच्या थोडा वर. झालं, अडकलं. इथे दोन भागांत करा, नाहीतर कपाटाखालची बैठक वेगळी ठेवून कपाट तिच्यावर बसवा. ८४ × २४चा कर्ण साडेसत्त्याऐंशीच्या आत राहतो, ते चालून जातं.

हिशेबनीस

मापांइतकंच भावाचंही लिहा. सेल्सच्या नव्या मुलांना «१० टक्के सोडले» म्हणजे नेमकं काय सोडलं ते कळत नाही. सहा जणांचं डायनिंग टेबल घेऊ, ६० × ३६ इंच, फक्त टेबल. दर समजण्यापुरते धरलेत, आपापले घाला.

लाकडाचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे: लांबी फुटात × रुंदी इंचात × जाडी इंचात, भागिले १४४. वरच्या फळ्यांचं कच्चं माप ५¼ फूट × ३८ × १¼, म्हणजे १.७३ घनफूट. चार पाय कच्चे सव्वातीन इंच चौरस, प्रत्येकी २.६ फूट, मिळून ०.७६. चारही बाजूंच्या आडपट्ट्या एकूण १५ फूट, ४¼ × १¼, म्हणजे ०.५५. बेरीज ३.०४. गाठी, चिरा, पांढरं लाकूड (सालीलगतचं, गाभ्याबाहेरचं) आणि कापातली घट धरून वर ३० टक्के, म्हणजे ४ घनफुटांच्या जवळ. ३,५०० रुपये दर धरला तर १४,००० लाकडाचे. मजुरी ६,०००, पॉलिश ३,५००, गोंद-स्क्रू-पॉलिशपेपर १,०००, वाहतूक आणि कारखान्याचा खर्च ३,५००. पडतळ, म्हणजे आपल्यालाच पडलेली किंमत, २८,०००.

भाव ठेवला ४०,००० अधिक जीएसटी. सुटतात १२,०००. आता १० टक्के सूट दिली की विक्री ३६,००० आणि सुटतात ८,०००. दहा टक्क्यांत नफ्याचा तिसरा हिस्सा गेला.

त्याहून वाईट म्हणजे «सगळं धरून चाळीसला द्या» याला मान डोलावणं. लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी. ४०,००० भागिले १.१८ म्हणजे ३३,८९८. सुटले ५,८९८, निम्म्याहून कमी, आणि तोंडाने एक रुपयाही सूट दिली नाही! म्हणून कोटेशनवर मूळ रक्कम, कर, वाहतूक आणि चढवणी चार ओळींत वेगळी दाखवा आणि बोलतानाही तेच आकडे बोला.

फूटपट्टी

हिशेबनीस, हिशेब बरोबर आहे, पण घरच्या गिऱ्हाइकाशी «अधिक जीएसटी» बोलू नये असं माझं मत. त्याला खिशातून जाणारा एकच आकडा हवा असतो. ४७,२०० सांगा आणि तिथून घासाघीस होऊ द्या. «अधिक कर» म्हटलं की पुढचा प्रश्न «बिलाशिवाय किती?» हाच येतो.

हिशेबनीस

तोंडी ४७,२०० म्हणायला हरकत नाही, कागदावर फोड हवीच. बिलाशिवायच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे: बिल नाही तर वॉरंटी नाही. आणि मोठ्या ऑर्डरींना, एका गिऱ्हाइकाकडून एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तुकडे पाडूनही नाही. दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेइतका.

कोकणवारा

ओलाव्याचं कोणीच लिहिलं नाही अजून. विक्री करणाऱ्याकडे स्वतःचा मॉइश्चर मीटर असावा, दोन सुयांचा साधाही चालतो. गिऱ्हाइकासमोर फळीवर टोचून आकडा दाखवला की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. पॉलिश झालेल्या मालावर मात्र सुया टोचू नका, तळाशी किंवा मागच्या बाजूला टोचा.

पुण्या-नाशिकच्या घरासाठी १० ते १२ टक्के ठीक. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात १२ ते १४ चालतं. ८ टक्क्यांपर्यंत वाळवलेलं लाकूड कोकणातल्या पावसात नेलं तर ते फुगणारच.

किती? सागवान मुळात कमी हलणारं लाकूड, तरी आडव्या रुंदीत ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.१८ टक्के फरक पडतो. ९०० मिमी रुंद टेबलाचा ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर साडेसहा मिमीच्या आसपास. लांबीत जवळजवळ काही नाही. म्हणून वरची फळी आडपट्टीला गोंदाने चिकटवायची नसते. लाकडी बटणं किंवा लांबट भोकात स्क्रू लागतो. चिकटवली तर पहिल्या उन्हाळ्यात मधोमध चीर. सेल्सवाल्याने शोरूममधलं टेबल उलटं करून हे एकदा बघून घ्यावं, म्हणजे «मशीनच्या टेबलाला आणि तुमच्या टेबलाला फरक काय?» याला दाखवण्यासारखं उत्तर मिळतं.

वऱ्हाडी_बाज

इकडं नागपूर-अकोल्याकडं उलटी तऱ्हा. मे महिन्यात हवा कोरडी ठक्क, आणि त्याच खोलीत पाण्याचा कूलर. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या कपाटाचा पल्ला उन्हाळ्यातच फुगतो आणि घासतो. गिऱ्हाईक म्हणते लाकूड ओलं दिलं. माप घ्यायला गेले की खिडकीत कूलर कुठं बसते ते विचारून नकाशावर खूण करून ठेवा. पल्ल्यांत दीड-दोन मिमी फट सोडा, आणि बिजागरी स्क्रूने सरकवता येणारी लावा.

घनफूट

कूलरचा मुद्दा फॉर्मवर घेतला! 

मला लाकडाच्या नावाबद्दल चर्चा हवी होती. «हे सागवानच कशावरून?» याला काय उत्तर देता?

कोकणवारा

तोंडी उत्तर देऊच नये, लाकूड दाखवावं. टोकाचा आडवा काप पॉलिश न करता एक तुकडा ठेवा. सागवानात वाढीची वलयं स्पष्ट दिसतात आणि वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. ताज्या कापाला कातड्यासारखा वास, हाताला किंचित तेलकट. वजन घनफुटाला साधारण १८ किलो. रंगावरून मात्र काही ठरवू नये, शेड मारली की बाभूळही सागवान दिसते.

आयात सागाची लाज बाळगायचं कारण नाही. घाना, बेनिन, इक्वाडोरकडचा लागवडीचा सागही सागच आहे, झाडाची जात तीच. फक्त कमी वयात तोडलेला, वलयं रुंद, पांढरं लाकूड जास्त. म्यानमारने १ एप्रिल २०१४पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून «बर्मा टीक» शब्द ऐकला की मी कागद मागतो. बल्लारशाच्या (चंद्रपूर जिल्हा) सागवान डेपोचा माल असेल तर जरूर बल्लारशा म्हणा. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३मध्ये तिथून सागवान गेल्यापासून गिऱ्हाईक स्वतःच नाव घेतं. पण मग खरेदीची पावती त्याच डेपोची हवी.

शोरूमवाली

आणि बिलावर भागवार लिहा. «सॉलिड सागवान सोफा» लिहिलं आणि सीटखाली पाइनच्या पट्ट्या निघाल्या, तर ते खोटं वर्णन झालं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. «चौकट व हात सागवान, सीटखालील पट्ट्या पाइन» लिहिल्याने विक्री अडत नाही, हे कितीही सांगितलं तरी मालकांना पटत नाही.

«एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही» हा बिलाच्या तळाचा शिक्काही आता काढा. माल सदोष असेल तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं याच कायद्यात अनुचित प्रथा म्हटलं आहे. शिक्क्याने बचाव होत नाही, उलट तक्रारीला जोडायला कागद मिळतो.

फूटपट्टी

आजीवन वॉरंटीवाल्यांचं काय म्हणता? मी तरी तिच्या विरोधात. वॉरंटी भागावर द्यावी: सांध्यांना ५ वर्षं, कीड लागण्यावर ५ वर्षं, पॉलिशला १ वर्ष, बिजागरी-चॅनेलला कंपनी देईल तेवढी. आणि काय धरलेलं नाही तेही: पाण्यात उभे राहिलेले पाय, गरम भांड्याचे पांढरे डाग, थेट उन्हाने बदललेला रंग.

कपाटाच्या फळीची रुंदी हाही वॉरंटीचाच विषय. १८ मिमी प्लायची फळी ३६ इंचांच्या पुढे बिनआधाराची नेली की साड्यांच्या घड्यांनी वाकते. पुस्तकांसाठी ३० इंचांच्या पुढे जाऊ नका, पार्टिकल बोर्ड असेल तर २४. गिऱ्हाइकाने मधली उभी पट्टी नको म्हटलं, तर फळीच्या पुढच्या काठाला दीड इंचाची लाकडी पट्टी उभी लावतो असं लिहून घ्या.

हिशेबनीस

इंटिरियरवाल्यांच्या कमिशनबद्दल दोन ओळी. ५ ते १० टक्के मागतात, देणं-न देणं मालकाच्या हातात. दिलं तर बिल घेऊन, टीडीएस कापून, खात्यात. आणि डिझायनरमार्फत आलेल्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये वेगळा, कमी भाव कधीही सांगू नका. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि सगळेच तुमच्यावर चिडतात.

वऱ्हाडी_बाज

लॉज, होस्टेल, शाळेच्या ऑर्डरी कोणी घेते का? तिथं एकच गोष्ट सांगतो. ४० खाटा करायच्या आधी एक पूर्ण करून द्या, तिच्यावर सही घ्या आणि ती शेवटपर्यंत साइटवर राहू द्या. सगळ्या लॉटचं लाकूड एकदम घ्या, तुकड्या-तुकड्यानं घेतलं की शेड जुळत नाही.

शोरूमवाली

तारखांबद्दल. दसरा-पाडव्याला सगळ्यांना माल घरात हवा असतो, आणि पितृपंधरवड्यात बहुतेकजण माल उतरवून घेत नाहीत. म्हणजे भाद्रपदात तयार झालेला माल पंधरा दिवस कारखान्यातच, आणि घटस्थापनेपासून रोज टेम्पो कमी पडतात. टेम्पोची वेळ ऑर्डर घेतानाच वहीत टाका. काही सोसायट्यांत रविवारी किंवा संध्याकाळनंतर सामान चढवू देत नाहीत, तेही त्याच कॉलमात.

पावसाळ्यातल्या पॉलिशला मात्र घाई करूच नये. दमट हवेत थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि पॉलिश दुधाळ होतं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये तर ते कडक करणारा हार्डनर हवेतल्या पाण्याशीच जुळतो आणि बारीक फोड येतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या ऑर्डरीला पॉलिशचे दिवस वाढवूनच तारीख द्या, आणि का वाढवले तेही सांगा. कारण कळलं की लोक थांबतात.

पॅकिंग: मेलामाइन हाताला सुकलेलं लागलं तरी पुरतं कडक व्हायला आठवडा जातो. त्याआधी बबल शीट थेट गुंडाळली की फोडांचे गोल ठसे पॉलिशवर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी पातळ फोम शीट, त्यावर बबल, फोड बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यांना पुठ्ठा.

नवा_टेप

मी या कामात नवीन आहे, खूप उपयोगी धागा. एक प्रश्न: गिऱ्हाइकाने फोटो पाठवलाय, सागवानी सोफ्याखाली पिठासारखी पावडर पडतेय. कारखाना म्हणतो सागवानाला कीड लागतच नाही. काय उत्तर द्यायचं?

कोकणवारा

कारखाना गाभ्याबद्दल बोलतोय, त्यापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. सागाचं पांढरं लाकूड किडीला चालतं, आणि सीटखाली पाइन, आंबा किंवा रबरवुड असेल तर तेही. आधी तीन फोटो मागवा: पावडर, तिच्या बरोबर वरचा भाग आणि भोकाशेजारी टेप धरून. भोक १ ते २ मिमी गोल आणि पावडर मैद्यासारखी मऊ असेल तर तो भुंगा. पावडर नसून मातीचे बोगदे असतील तर ती वाळवी, आणि वाळवी बहुधा घराच्या भिंतीतून आलेली असते. तिथे आधी पेस्ट कंट्रोलवाला. पावडर खरखरीत, दाणेदार असेल तर वेगळ्या किड्याची शक्यता, जाऊनच पाहा.

भुंगा असेल तर उशीर करू नका. तो भाग सुटा होत असेल तर बदलून द्या, ते सगळ्यांत स्वस्त. सुटा होत नसेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकाभोकात औषध भरून घ्या आणि भोकं मेणाने बुजवा. पुन्हा ताजी भोकं पडली तर बुजवलेल्यांपासून वेगळी ओळखू येतात. पुढच्या लॉटला पांढरं लाकूड कापून टाका, आंबा-रबरवुडला बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया झाली का ते खरेदीच्या वेळीच विचारा.

नवा_टेप

धन्यवाद! बिलावर «सॉलिड सागवान सोफा» एवढंच आहे, आणि पावडर सीटखालच्या पट्टीतूनच पडतेय.

शोरूमवाली

मग पट्टी बदलून द्या, बिनखर्चात, या आठवड्यात. नवी पट्टी कोणत्या लाकडाची ते चलनावर लिहा आणि त्यांची सही घ्या. बिलातली ओळही दुरुस्त करून पाठवा.

घनफूट

फॉर्ममध्ये आतापर्यंतची भर: लिफ्टची तीन मापं, जिन्याचा चौक, कूलरची जागा, सीटखालचं लाकूड, चढवणीची वेळ. अजून दोन रकाने घालतोय: माल उतरवताना घरी कोण असेल त्याचा फोन, आणि जुना बेड-सोफा कोणी, कधी हलवायचा. टेम्पो दारात आणि जुना दिवाण हॉलमध्ये, यात चार हमालांचा अर्धा दिवस जातो आणि ते पैसे कोणाच्याच कोटेशनमध्ये नसतात.